एकदा वाकून पाहिल्यानं भागत नाही

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, यंदा सूर्यच जास्त तापलाय. सूर्याची बाजू घ्यायची तर सांगावं लागतं की तो बिचारा दरवर्षी जवळपास तेवढाच तापतो. त्याच्याकडून येणाऱ्या एकूण ऊर्जेत, सौरडाग (सूर्यावरचे काळे डाग) वाढण्या-कमी होण्याच्या अकरा वर्षांच्या अख्ख्या चक्रात जेमतेम ०.१ टक्क्याचा फरक पडतो. आपल्याला भाजतं ते तापी खोऱ्याच्या ठेवणीमुळे, कोरड्या हवेमुळे आणि मे महिन्यात डोक्यावर आलेल्या किरणांमुळे. सौरडाग वाढले काय नि कमी झाले काय, दुपारी बारानंतर चौकातला शुकशुकाट तोच.

हाच सूर्य क्ष-किरणांत पाहिला तर मात्र ओळखू येत नाही. ०.१ ते २.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (किरणांची ऊर्जा मोजण्याचं एकक) या मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांच्या पट्ट्यात चक्राच्या तळाशी आणि माथ्याशी त्याच्या तेजात दहा-पंधरा पटींचा फरक पडतो. आणखी कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेच्या पट्ट्यात, ०.१ ते ०.८ नॅनोमीटर तरंगलांबीला, ही दरी शंभर पटींच्याही पुढे जाते. उन्हाच्या बाबतीत इतका शिस्तीचा असलेला तारा या एका खिडकीतून पाहिला की पार लहरी. सूर्यासारख्या इतर ताऱ्यांची चुंबकीय चक्रं शोधायची तर हीच खिडकी कामाची, हे त्यावरून कुणाच्याही ध्यानात येईल. मात्र ही खिडकी वापरायला सोपी नाही, आणि अडचण जिथे वाटते तिथे नसते.

क्ष-किरण सूर्याच्या पृष्ठभागातून निघत नाहीत. तिथलं तापमान सुमारे ५,८०० केल्विन, त्यातून दृश्य प्रकाश मिळतो. क्ष-किरणांसाठी लाखांत नव्हे, दशलक्षांत तापमान लागतं, आणि ते असतं कोरोनात, खग्रास ग्रहणात काळ्या चकतीभोवती दिसणाऱ्या त्या फिकट प्रभामंडळात. २२ जुलै २००९ च्या ग्रहणाचा पट्टा सुरत-इंदूरवरून, म्हणजे खानदेशाच्या अगदी कडेनं गेला होता, पण ऐन पावसाळ्यातलं ते ग्रहण ढगांनी खाल्लं. कोरोना इतका तप्त असतो हे १९४० च्या आसपास पटलं. कोरोनाच्या वर्णपटातली ५३०.३ नॅनोमीटरची हिरवी रेषा कुठल्याही ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळत नव्हती. स्वीडनच्या बेंग्ट एडलेन यांनी दाखवलं की ती तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे. लोखंडाला इतकं सोलून काढायचं तर दहा-वीस लाख अंश तापमान हवंच.

हा तप्त वायू चुंबकीय क्षेत्राच्या कमानींत अडकलेला असतो, आणि त्याचं तेज घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. कमानीतली घनता तिप्पट झाली तर उजेड नऊपट. शिवाय शांत कोरोना दहा-पंधरा लाख अंशांवर असतो, डागांभोवतीचे तीव्र चुंबकीय क्षेत्राचे सक्रिय भाग वीस-चाळीस लाखांवर आणि ज्वाला, म्हणजे तिथले अचानक होणारे स्फोट, कोटीच्या घरात. दुर्बिणीतला किरण टिपणारा शोधक ज्या ऊर्जेला सर्वांत तरबेज असतो तिथे शांत कोरोनाचं योगदान नगण्य आणि सक्रिय भागांचं भरघोस. चुंबकीय क्षेत्रातला जेमतेम दुपटीचा बदल क्ष-किरणांत कितीतरी पटींनी फुगून दिसतो, तो यामुळे.

सूर्याचं चक्र सापडलं ते मात्र साध्या मोजदादीनं. जर्मनीतल्या डेसाऊ गावचे औषधविक्रेते हाइनरिश श्वाबे बुधाच्याही आत एखादा ग्रह असेल म्हणून १८२६ पासून सूर्याची चकती न्याहाळत होते. ग्रह काही मिळाला नाही, पण डागांच्या रोजच्या नोंदींतून सुमारे दहा वर्षांची चढउतार निघाली. जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये डागांत तीव्र चुंबकीय क्षेत्र असतं हे दाखवलं. पुढे कळलं की प्रत्येक अकरा वर्षांनी ध्रुवीयता उलटते, म्हणजे पुरं चुंबकीय चक्र बावीस वर्षांचं.

इतर ताऱ्यांवरचे डाग सहसा मोजता येत नाहीत, तारा दुर्बिणीतही ठिपकाच राहतो. त्यावर माउंट विल्सन वेधशाळेत ओलिन विल्सन यांनी १९६६ मध्ये तोड काढली. कॅल्शियमच्या ३९६.८ आणि ३९३.४ नॅनोमीटरच्या दोन गडद रेषांच्या तळाशी उजेडाचा जो बारीक उंचवटा असतो, तो चुंबकीय सक्रियतेबरोबर वाढतो. तोच महिनोन्महिने, वर्षानुवर्षे मोजत राहायचा. १९७८ मध्ये त्यांनी ९१ ताऱ्यांच्या नोंदी छापल्या, १९९५ मध्ये सॅली बालियुनस आणि सहकाऱ्यांनी १११ ताऱ्यांच्या. त्यांतल्या निम्म्याच्या जवळपास ताऱ्यांत चक्र दिसलं, काहींत नुसतीच बेशिस्त चढउतार, आणि काही तारे सपाट. २००३ मध्ये तो उपक्रम थांबला. सदतीस वर्षं एकच मोजमाप, हे त्यातलं खरं धन. सूर्याच्या बाबतीत कॅल्शियमचा निर्देशांक चक्रात फक्त दहा-वीस टक्के हलतो, तरीही चक्रं सापडली, ती केवळ नोंदींच्या दाटीमुळे.

मग क्ष-किरणांत दहापट फरक असताना काम झटपट व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. पृथ्वीचं वातावरण क्ष-किरण वरच्या वर पिऊन टाकतं, त्यामुळे उपग्रह हवा. उपग्रहाचा वेळ जगभरच्या अर्जदारांत वाटला जातो, आणि एका ताऱ्याला वर्षाकाठी दोन-तीन तास मिळाले तरी नशीब. युरोपचा एक्सएमएम-न्यूटन १० डिसेंबर १९९९ ला उडाला, अमेरिकेचा 'चंद्रा' नावाचा उपग्रह त्याच वर्षीच्या जुलैत. आज ताऱ्यांच्या क्ष-किरण चक्रांबद्दल जे काही ठामपणे सांगता येतं, ते बहुतेक या दोघांच्या दीर्घायुष्यामुळे.

एक्सएमएमला सूर्यापासून ७० ते ११० अंशांच्या पट्ट्यातच तोंड वळवता येतं, नाहीतर सौरपट्ट्या आणि तापमान दोन्ही बिघडतात. म्हणून क्रांतिवृत्ताजवळचा, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेजवळचा तारा वर्षातून दोनदाच, प्रत्येक वेळी सुमारे चाळीस दिवस, त्याच्या टप्प्यात येतो. साहजिकच नोंदींचा ताल पडला वर्षाला दोन. आठ वर्षांचं चक्र असेल तर एका फेरीत सोळा बिंदू, ते पुरतात. चक्र १.६ वर्षांचं असेल तर एका फेरीत तीनच बिंदू, आणि तीन बिंदूंतून हवी ती लाट ओढता येते.

शिवाय त्या एकेका बिंदूवर तरी कितपत विसंबायचं? विहिरीला पाणी किती, हे वैशाखात एकदा वाकून पाहून ठरत नाही. नुकताच पंप चालला असेल, शेजारच्या मळ्यात बोअर सुरू असेल, रात्री झरे भरून आले असतील. ताऱ्याचंही तेच. चार तासांच्या निरीक्षणात तारा कुठल्या अवस्थेत सापडला, हे त्याचं चक्र कुठे आहे याच्याइतकंच महत्त्वाचं.

आकडे मांडून पाहू. हंस तारकासमूहातला ६१ सिग्नी हा जोडतारा ११.४ प्रकाशवर्षांवर आहे. १८३८ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी सर्वांत आधी ज्याचं अंतर मोजून जाहीर केलं, तोच हा. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेरच्या पलीकडे दिवे संपतात तिथून भाद्रपद-आश्विनात नुसत्या डोळ्यांनीही अंधुक दिसतो. त्यातल्या मोठ्या ताऱ्याचं क्ष-किरण तेज सेकंदाला सुमारे २ गुणिले १० चा २७ वा घात अर्ग (ऊर्जेचं एक छोटं एकक) धरलं, तर पृथ्वीपाशी चौरस सेंटीमीटरमागे सेकंदाला एका फोटॉनचा, म्हणजे प्रकाशकणाचा, हजारात दोन भागही येत नाही. एक्सएमएमवर पीएन नावाचा एक आणि मॉस नावाचे दोन कॅमेरे आहेत; त्यांतल्या पीएनच्या आरशांचं प्रभावी क्षेत्रफळ काहीशे ते हजार चौरस सेंटीमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण एक फोटॉन. दहा हजार सेकंदांत दहा हजार फोटॉन, आणि त्याची सांख्यिकीय चूक म्हणजे त्याचं वर्गमूळ, १००, म्हणजे एक टक्का. दहापट बदल शोधणाऱ्याला एक टक्क्याची अचूकता म्हणजे चैन. फोटॉन कमी पडतात ही समजूत जवळच्या ताऱ्यांपुरती तरी चुकीची आहे.

खरी डोकेदुखी दोन. पहिली परिवलनाची. तारा फिरतो तसा सक्रिय भाग समोर येतो, मागे जातो. सूर्याला विषुववृत्तावर सुमारे २५ दिवस लागतात, ६१ सिग्नीच्या मोठ्या ताऱ्याला सुमारे ३५. नेमका भरलेला चेहरा समोर असताना दुर्बीण रोखली तर चक्राच्या तळाशी असलेला ताराही माथ्याजवळचा वाटतो. दुसरी डोकेदुखी ज्वालांची. एखादी ज्वाला तासाभरात ताऱ्याचं तेज दुप्पट-तिप्पट करून जाते. सरासरी काढली की ती ज्वाला चक्राच्या नावावर जमा. यावर उपाय सोपे, पण कंटाळवाणे. प्रत्येक निरीक्षणाचा प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार तेजाचा आलेख, १०० ते ३०० सेकंदांच्या तुकड्यांत काढायचा, डोळ्यांनी पाहायचा, ज्वालेचा काळ बाजूला काढून उरलेल्याचं तेज मोजायचं, आणि दोन्ही आकडे वहीत ठेवायचे. ज्वाला पूर्ण फेकून देणारे लोक मला पटत नाहीत. ज्वालांची वारंवारताही चक्राबरोबर बदलते, त्या कचरा नव्हेत.

हे काम करायला युरोपात असायला हवं असं नाही. एक्सएमएमच्या नोंदी साधारण वर्षभरानं सगळ्यांना मोफत खुल्या होतात. धुळ्या-नंदुरबारच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही त्या घरी उतरवता येतात. एका निरीक्षणाची फाइल काही शे मेगाबाइटची असते, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रात्री लावून ठेवली तर सकाळपर्यंत येते. त्या उलगडणारी सास नावाची संगणकप्रणाली लिनक्सवर चालते. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप निभावून नेतो, फक्त मे महिन्यात दुपारी मोठं काम लावू नये, पंखा किंचाळायला लागतो.

कामाची रीत अशी. आधी कच्च्या फाइलीतून फोटॉनांची यादी बनवायची, सासमधल्या, पीएनसाठी ईपीप्रोक आणि मॉससाठी ईएमप्रोक या आज्ञा चालवून. प्रत्येक फोटॉनची वेळ, जागा आणि ऊर्जा एका ओळीत मिळते. मग वाईट वेळ गाळायची. एक्सएमएमची कक्षा सुमारे ४८ तासांची आणि लांबट आहे. वाटेत कमी ऊर्जेच्या प्रोटॉनांचे लोट आरशांतून थेट कॅमेऱ्यावर येऊन पडतात. ते ओळखायला १० ते १२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा पट्टा पाहायचा, कारण तिथे शांत तारा काहीच पाठवत नाही. पीएनमध्ये सेकंदाला ०.४ आणि मॉसमध्ये ०.३५ पेक्षा जास्त मोजणी असेल तो काळ सहसा टाकून देतात. कधी तासच्या तास जातात, आणि जाऊ द्यावेत. ते वाचवण्याच्या मोहात पार्श्वभूमी वाढून मंद ताऱ्याची मालिका बिघडलेली पुढे सुधारता येत नाही.

नंतर ताऱ्याभोवती सुमारे ३० आर्कसेकंद (अंशाचा ३,६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) त्रिज्येचं वर्तुळ, आणि त्याच चिपवर, ताऱ्यापासून दूर, पार्श्वभूमीसाठी दुसरं वर्तुळ. ६१ सिग्नीसारख्या जोडीत मोठी अडचण येते ती इथे. दोघांत सुमारे ३० आर्कसेकंदांचं अंतर आहे, वर्तुळं एकमेकांवर चढतात. मग त्रिज्या लहान घ्यायची आणि आरशाच्या पसरणीनं बाहेर गेलेला उजेड हिशेबानं परत जोडायचा. तारा दृश्य प्रकाशात तेजस्वी असेल तर त्याचा साधा उजेडही कॅमेऱ्यात शिरून क्ष-किरणांचं सोंग घेतो. त्यासाठी जाड फिल्टर लागतो. एकदा निवडलेला फिल्टर वीस वर्षं बदलायचा नाही. मधेच कुणी पातळ फिल्टर लावून जास्त फोटॉन मिळवले तर तो बिंदू मालिकेत बसवताना नाकी नऊ येतात.

शेवटी वर्णपट काढून तो एक्सस्पेक या जुळवणीच्या प्रणालीत दोन किंवा तीन तापमानांच्या वायूच्या नमुन्याशी जुळवायचा. ०.१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे सुमारे १२ लाख अंश, एवढं लक्षात ठेवलं की आकडे बोलायला लागतात. इथे नवख्यांचा पाय हमखास घसरतो तो मूलद्रव्यांच्या प्रमाणावर. प्रत्येक वेळी लोहाचं प्रमाण मोकळं सोडलं तर जुळवणी सुंदर दिसते, पण लोह आणि वायूचं एकूण प्रमाण एकमेकांची जागा घेतात. लोह अर्धं, वायू दुप्पट, वर्णपट तसाच. म्हणून सगळी निरीक्षणं एकत्र जुळवून प्रमाण एकदाच ठरवावं आणि मालिकाभर बांधून ठेवावं. ऊर्जेचा पट्टाही एकच, समजा ०.२ ते २ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. वाटेतला हायड्रोजन जवळच्या ताऱ्यांना फारसा नडत नाही. आलेल्या प्रवाहाला अंतराच्या वर्गानं आणि ४ पायनं गुणलं की झाला एक बिंदू. मग सहा महिने थांबा.

एवढी काळजी घेऊनही फसगत कशी होते, त्याचा नमुना म्हणजे नरतुरंग तारकासमूहातला मित्र, म्हणजेच अल्फा सेंटॉरी. ४.३७ प्रकाशवर्षांवरचा आपला शेजारी जोडतारा. खानदेशातून तो मेअखेरीस रात्री अकराच्या आसपास दक्षिण क्षितिजाच्या जेमतेम आठ अंश वर येतो. त्यातला 'ए' तारा जवळजवळ सूर्याचाच जुळा. २००३ ते २००५ या दोन वर्षांत एक्सएमएमच्या निरीक्षणांत हा तारा दहापटीहून जास्त मंदावला, जवळपास विझलाच. सूर्याचा जुळा दोन वर्षांत इतका ढासळला ही बातमी मोठी होती. मग अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ टॉम एयर्स यांनी चंद्राच्या मृदू क्ष-किरण वर्णपटमापकातून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. तारा विझला नव्हता, थंडावला होता. त्याचा कोरोना सुमारे दहा लाख अंशांवर उतरला की बराचसा उजेड ०.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली जातो, जिथे एक्सएमएमचा कॅमेरा जवळपास आंधळा आहे. लांब तरंगांना पाहू शकणाऱ्या साधनात तो तारा व्यवस्थित हजर होता.

त्यामुळे 'चक्रात किती पटींचा बदल' हा प्रश्न अर्धवट आहे. कुठल्या पट्ट्यात, हे सोबत हवंच. गरम पट्ट्यात पाहिलं तर बदल प्रचंड, थंड पट्ट्यात पाहिलं तर मध्यम, आणि दोन्ही उत्तरं खरी. छापलेल्या आलेखांत हा पट्टा न पाहता पटींची तुलना करणारे लेख आजही सापडतात. मित्राची आणखी एक पंचाईत म्हणजे त्याचे दोन्ही तारे सुमारे ८० वर्षांच्या कक्षेत फिरत २०१६ च्या आसपास एकमेकांपासून ४ आर्कसेकंदांपर्यंत जवळ आले. एक्सएमएमच्या आरशांना ते वेगळे करता येईनात. चंद्राची नजर अर्ध्या आर्कसेकंदाची, म्हणून ती मालिका त्यानं चालू ठेवली. 'बी' ताऱ्याचं चक्र आठ वर्षांच्या आसपास, 'ए'चं एकोणीसच्या. म्हणजे 'ए'ची एक फेरी पुरी व्हायलाच दोन्ही उपग्रहांचं बहुतेक आयुष्य गेलं.

आतापर्यंत क्ष-किरणांत नीट चक्र दिसलेले सूर्यासारखे तारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ६१ सिग्नीच्या मोठ्या ताऱ्याचं चक्र सुमारे ७.३ वर्षांचं, कॅल्शियमच्या चक्राशी हातात हात घालून चालणारं. त्याची चुंबकीय ध्रुवीयता सूर्यासारखी उलटते हेही वेगळ्या पद्धतीनं दिसलं आहे. वासुकी समूहातल्या एचडी ८१८०९ या ताऱ्याचं चक्र सुमारे ८ वर्षांचं. यमुना समूहातला एप्सिलॉन एरिडनी, साडेदहा प्रकाशवर्षांवरचा, वयानं सूर्याच्या दहाव्या हिश्शाएवढा, त्याचं चक्र २.९ वर्षांचं. आणि सर्वांत घाईचा आयोटा होरोलॉजी, सुमारे ६० कोटी वर्षांचा, १.६ वर्षांत एक फेरी. त्याला नेहमीच्या दोन बिंदूंच्या तालात पकडता आलं नसतं, त्याच्यासाठी दाट नोंदी घ्याव्या लागल्या.

या यादीतली मला सर्वांत रंजक वाटणारी गोष्ट चक्रांच्या लांबीत नाही, उंचीत आहे. तरुण तारे क्ष-किरणांत सूर्याच्या कैकपट तेजस्वी असतात, पण त्यांच्या चक्राची चढउतार अगदी बेताची. केप्लर-६३ हा आणखी तरुण तारा, त्याच्या डागांत सव्वा वर्षाचं चक्र दिसतं, पण क्ष-किरणांत चक्राचा पत्ता नाही. उलट प्रौढ सूर्य तेजानं मंद आणि चढउतारीनं दांडगा. कारण शोधायला पालेर्मोच्या संशोधकांनी एक नामी युक्ती वापरली. जपानच्या योहकोह उपग्रहानं काढलेल्या सूर्याच्या क्ष-किरण चित्रांतून शांत भाग, सक्रिय भाग, त्यांचे गाभे आणि ज्वाला असे वेगवेगळे तुकडे काढले, आणि त्या तुकड्यांनी इतर ताऱ्यांचे पृष्ठभाग भरून पाहिले. एप्सिलॉन एरिडनीचा वर्णपट जुळवायला पृष्ठभागाचा बहुतांश भाग सक्रिय तुकड्यांनी भरावा लागतो. जागाच उरली नाही तर चक्राचा माथा चढणार कुठे? सूर्यावर मात्र तळाशी जवळपास सगळं मैदान रिकामं असतं.

सूर्याच्या तळाचा अंदाज आपल्याकडच्या उपकरणानंही दिला आहे. २०१९-२० मध्ये सूर्य चक्राच्या खोल तळाशी होता. चांद्रयान-२ वरचा, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनं बनवलेला सौर क्ष-किरण मापक त्या काळात सूर्य पाहत होता. सक्रिय भाग अजिबात नसलेल्या ७६ दिवसांत त्यानं ९८ अतिसूक्ष्म ज्वाला टिपल्या. रिकामं मैदानही अगदीच रिकामं नसतं.

उपग्रहाच्या फायली उघडण्यापूर्वी क्ष-किरणांची चढउतार हाताशी धरून पाहायची असेल, तर तीही सोय खानदेशात बसून होते. सूर्याचे क्ष-किरण जमिनीवर पोचत नाहीत, पण ६० ते ९० किलोमीटर उंचीवरच्या आयनावरणाच्या सर्वांत खालच्या थराला दणका देतात. त्या थरावरून परावर्तित होणारा अतिदीर्घ तरंगांचा रेडिओ संकेत ज्वालेच्या वेळी एकदम चढतो किंवा पडतो. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं १८.२ किलोहर्ट्झचं केंद्र आहे, जळगावपासून जवळजवळ थेट दक्षिणेला, चौदाशे किलोमीटरच्या आसपास. संकेत इतका खालच्या कंपनांचा की संगणकाचं ४८ किलोहर्ट्झनं नमुने घेणारं साउंडकार्डच रेडिओचं काम करतं.

लाकडाची एक मीटर चौरस चौकट करायची आणि तिच्यावर वाइंडिंग वायरचे पन्नास वेढे. वेढ्याला चार मीटर, म्हणजे दोनशे मीटर तार. २६ गेजची घेतली तर वजन तीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर. विहिरीच्या मोटरी भरून देणाऱ्या कुठल्याही रिवाइंडिंगच्या दुकानात ती वजनावर मिळते. वेढे एकमेकांवर गच्च रचू नयेत, शेजारी शेजारी घ्यावेत, नाहीतर तारेची आपसातली धारकता वाढते. टोकांवरचं इनॅमल पॉलिशपेपरनं पूर्ण घासून मग सोल्डर करावं. अर्धवट घासलेला जोड उन्हाळ्यात चालतो आणि पावसाळ्यात दगा देतो. चौकटीचं पातं उत्तर-दक्षिण उभं ठेवायचं, म्हणजे केंद्राची दिशा त्या पात्याच्या सरळ रेषेत येते. मधे छोटा प्रवर्धक आणि तिथून मायक्रोफोनची तार. दर पाच सेकंदांनी १८.२ किलोहर्ट्झची ताकद नोंदवत राहायची.

आलेखात आधी दिसतात सूर्योदय आणि सूर्यास्ताचे खड्डे, ते दिसले की उपकरण जिवंत. सी वर्गाची (ज्वालांच्या ए, बी, सी, एम, एक्स या चढत्या वर्गांतली मधली) बरी ज्वाला आली की काही मिनिटांत उभी चढण आणि मग अर्धा-पाऊण तासाची उतरण. गोंगाट येतो तो एलईडीच्या ड्रायव्हरचा, इन्व्हर्टरचा आणि सोलर पंपाच्या कंट्रोलरचा. चौकट गच्चीवर, घराच्या वायरिंगपासून दहा मीटर तरी दूर न्यावी. चौकट भिंतीला टेकवून ठेवायचा आळस केला तर शेजारच्या टीव्हीची वेळापत्रकं तेवढी कळतात.

महिन्याला किती ज्वाला, एवढं नोंदवत गेलं तर चार-पाच वर्षांत सूर्याचं चक्र आपल्याच वहीत उतरायला लागतं. गोम अशी की भारनियमन झालं, वीज गेली, कुणी गच्चीवर पापड वाळत घालताना चौकट फिरवली, की त्या दिवसाच्या शून्याला 'ज्वाला नाही' समजायचं की 'नोंद नाही' हे कळायला हवं. यंत्र कधी चालू होतं याची वेगळी नोंद ठेवली नाही तर सगळी वही निकामी. एक्सएमएमच्या फाइलीत चांगल्या वेळेची यादी वेगळी ठेवतात, ती याचसाठी.

रोहिणी लागल्या की सौरडागांवरून पावसाचा अंदाज सांगणारेही भेटतात. 'पानी कव्हय पडी?' या प्रश्नाला मात्र सूर्याच्या चुंबकीय चक्रात उत्तर नाही. ०.१ टक्क्याच्या बदलावर खानदेशातल्या एका हंगामाचा पाऊस बसवणं म्हणजे आकड्यांशी खेळ. अकरा वर्षांच्या ठोक्याला जुळणारं काहीतरी शंभर वर्षांच्या पावसात शोधलं तर सापडेलच. चक्र शोधणाऱ्यांना हा आजार नेमका ठाऊक असतो, म्हणून तर आवर्तन सापडल्यावर आधी विचारतात की निव्वळ योगायोगानं इतकी उंच लाट येण्याची शक्यता किती. वर्षाला दोन बिंदू घेणाऱ्याला एक वर्षाचं आणि अर्ध्या वर्षाचं आवर्तन हमखास 'सापडतं'. ते ताऱ्याचं नसतं, आपल्या वेळापत्रकाचं असतं.

अशा मालिका माणसांच्या आयुष्यापेक्षा लांब चालतात, तेव्हा त्या संस्थांनीच चालवायच्या असतात. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात मिळालेला, आणि १८६५ मध्ये भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला शिलालेख हेच सांगतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, आणि निकुंभ राजानं १२०७ मध्ये त्याला दान दिलं. ग्रंथ लिहून झाल्यावर तो शिकवत राहायला कुणीतरी खर्च करावा लागतो, ही समज या भागात आठशे वर्षांपूर्वी होती.

आज हाच प्रश्न उपग्रहांच्या बाबतीत आहे. एक्सएमएम आणि चंद्रा पंचविशी ओलांडून गेले. चंद्राच्या एका कॅमेऱ्याच्या फिल्टरवर वर्षानुवर्षे थर साचत गेला आणि नेमका मृदू क्ष-किरणांचा भाग मंदावला. न्यूअथीना ही नवी युरोपीय दुर्बीण २०३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अपेक्षित आहे. जुनी आणि नवी यंत्रं काही वर्षं एकाच वेळी एकाच ताऱ्याकडे पाहू शकली, तरच जुन्या आकड्यांना नव्या मापात आणता येईल. रोसॅट या आधीच्या जर्मन क्ष-किरण उपग्रहानं १९९० च्या दशकात ६१ सिग्नीच्या नोंदी घेतल्या, पण तो १९९९ च्या फेब्रुवारीत बंद झाला आणि एक्सएमएम डिसेंबरात उडाला. त्या खंडामुळे दोन्ही मालिका जोडताना वर्णपटाच्या नमुन्यावर भिस्त ठेवावी लागली, आणि नमुना बदलला की जोडही सरकतो. म्हणून उरलेल्या वर्षांत नवे तारे यादीत भरण्यापेक्षा आहेत त्याच चार-पाच ताऱ्यांना, त्याच फिल्टरनं, वर्षातून दोनदा वेळ द्यावा, असं माझं मत आहे. मित्राच्या 'ए' ताऱ्याची दुसरी फेरी आता कुठे सुरू आहे.